अस्थिरोगतज्ज्ञाची निवड : पहिल्या अर्ध्या तासातील निर्णय

(नाशिक येथे ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या नामवंत शल्यचिकित्सकाला पाचारण करावयास हवे होते, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्तच आहे. मी कला शाखेचा पदवीधर. हाडांविषयीचे माझे ज्ञान शाळेतील सांगाड्याच्या तक्त्यापलीकडे फारसे गेलेले नव्हते. तथापि माहिती खात्यात बरीच वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आहे. हाड मोडलेल्या माणसाला कोणाकडे न्यावयाचे, याचा निर्णय डॉक्टर करीत नाहीत. अपघाताच्या जागी जमलेली माणसे तो करतात. बहुधा पहिल्या अर्ध्या तासात आणि तोही उभ्या उभ्या. कोणी म्हणतो, अमक्या गावच्या हाडवैद्याच्या हाताला गुण आहे. कोणी म्हणतो, माझ्या मेहुण्याचा पाय तमक्या दवाखान्यात बरा झाला. जीपचा चालक तिसरेच नाव सुचवितो, आणि त्यात त्याचा काही लाभ आहे काय, हे विचारण्याची ती वेळ नसते. शेवटी सर्वांच्या नजरा वळतात त्या सरपंचांकडे, गुरुजींकडे किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. म्हणून हा विषय आपला आहे.

चांदवड तालुक्यातील एका खेड्यात माझी मावशी राहत असे. वय अडुसष्ट. श्रावणातील गोष्ट. अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि ती कुशीवर पडली. पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले होते, पाय किंचित आखूड दिसत होता. खुब्याचे हाड मोडल्याचे हे ठळक लक्षण आहे, हे आज मला ठाऊक आहे. त्या दिवशी घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. मला दूरध्वनी आला. मी जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा, आरोग्य योजनांच्या पुस्तिका लिहिणारा सरकारी गृहस्थ. मी म्हणालो, "मुका मार असेल, शेकून काढा, रविवारी येतो." अकरा दिवस तेलाचे मालीश आणि बांबूच्या कामट्या चालल्या. बाराव्या दिवशी तिला नाशिकला आणले, तेव्हा पाठीला शय्याव्रण झाले होते आणि छातीत कफ भरला होता. शस्त्रक्रिया झाली, मावशी वाचली. परंतु पुढे काठीवाचून कधी चालली नाही. तपासणारे डॉक्टर रागावले नाहीत. "पहिल्या दोन दिवसांत का आणले नाही?" एवढेच त्यांनी विचारले. हा प्रश्न घरच्यांना होता. पण उत्तर माझ्याकडे होते.

वृद्धाचा खुबा मोडला तर प्रकृतीची तयारी करून शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचा जीव मोडलेल्या हाडाने सहसा जात नाही; न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रणे यांनी जातो. मी लिहिलेल्या एवढ्या पुस्तिकांपैकी एकीतही हे वाक्य नव्हते.

हाडवैद्यांविषयी बोलताना आपण न्यायाने बोलले पाहिजे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत, आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधण्याचा विधीही आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी होते. इंग्लंडमध्ये मांडीचे हाड मोडल्यावर वापरावयाची जी प्रसिद्ध चौकट निघाली, ती शोधणारे डॉ. ह्यू ओवेन टॉमस (१८३४–१८९१) हे लिव्हरपूलच्या एका हाडवैद्याचे चिरंजीव. पित्याने आपली विद्या मुलांना दिलीच, शिवाय त्यांना रीतसर वैद्यकीय शिक्षणालाही धाडले. पहिल्या महायुद्धात त्या चौकटीने असंख्य सैनिकांचे प्राण वाचविले. आपल्याकडे मात्र ही दुसरी पायरी बहुतेक घराण्यांत आलीच नाही. साध्या मुरगळण्यात हाडवैद्याला यश येते, कारण ते दुखणे तसेही बरे होणारे असते. परंतु कातडीखाली हाडाचे दोन तुकडे झाले की चार, त्यांचे टोक रक्तवाहिनीवर टेकले आहे काय, हे बोटांनी चाचपून कळत नाही. त्याला क्ष-किरण चित्रच लागते. ज्या गावात लोक आजही हाडवैद्याकडेच जातात, तेथे त्यांच्याशी भांडण मांडू नये. 'आधी चित्र काढा, मग बांधा' एवढ्या एका अटीवर त्यांना राजी करावे.

ही अट मी का घालतो, ते शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. मूल जांभळाच्या झाडावरून हात टेकून पडते आणि कोपराच्या किंचित वर हाड मोडते. हाताला रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी तेथूनच जाते. वर कोणी कामट्या घालून करकचून पट्टी बांधली, की आतील सुजेला पसरावयास जागा उरत नाही. स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच ते मरू लागतात. पुढे त्या मुलाची बोटे आयुष्यभर आकड्यासारखी वाकडी राहतात; त्याला लेखणी धरता येत नाही. घट्ट पट्ट्यांनी असे होते, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमन यांनी १८८१ साली लिहून ठेवले आहे. खुणा सोप्या आहेत. बांधल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाते. बोटे नुसती सरळ केली तरी मूल किंचाळते. बोटे थंड, फिकट किंवा बधिर होतात. यांतील एकही खूण दिसली तर पट्टी तत्काळ सैल करावी आणि रुग्णालय गाठावे. पट्टी हाडवैद्याची असो वा प्लास्टर मोठ्या रुग्णालयातले असो, नियम एकच. "डॉक्टरांनी दहा दिवसांनी बोलावले आहे" म्हणून थांबू नये.

म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ निवडताना पहिला प्रश्न 'चांगला कोण?' हा नसून 'वेळ किती आहे?' हा आहे. हाड कातडी फाडून बाहेर आले, बोटे थंड पडली, सांधा निखळला, पाठीला मार बसून पाय हलेनासे झाले, तर निवडीला वेळ नाही. जेथे क्ष-किरण, भूलतज्ज्ञ, रक्त आणि अस्थिशल्यचिकित्सक एकाच छताखाली आहेत असे सर्वांत जवळचे ठिकाण हीच निवड. उलट गुडघ्याची झीज, जुनी कंबरदुखी, हळूहळू वाढलेले व्यंग यांत आठवडे, महिने हाताशी असतात. आपल्या समाजात नेमके उलटे घडते. उघड्या जखमेवर हळद आणि चहाची भुकटी दाबून लोक सकाळची वाट पाहतात, आणि गुडघे बदलण्याच्या शिबिरात मात्र त्याच दिवशी नाव नोंदवून मोकळे होतात.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. सुरगाणा, पेठ, हरसूल भागातील घाटवाटा आणि निफाड-दिंडोरीचे डांबरी रस्ते यांची तुलना होऊ शकत नाही. अपघातही निराळे. पश्चिमेकडे भाताच्या खाचरात आणि ओल्या कड्यावर पाय घसरतो. इकडे द्राक्षाच्या मांडवावरून माणूस पडतो, रोटाव्हेटरमध्ये पाय सापडतो. सातपूर-अंबडला यंत्रात बोटे जातात. आणि मुंबई-आग्रा महामार्ग तर सर्वांनाच ठाऊक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात अस्थिरोगतज्ज्ञ नसतो. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातही बहुधा नसतो. तेथे मिळते ती पहिली मदत: वेदनाशामक, सलाईन, फळीचा आधार, धनुर्वाताची सुई. ती अवश्य घ्यावी, पण तेथे थांबून राहू नये. उपजिल्हा रुग्णालयांत हे तज्ज्ञ असू शकतात. परंतु आज, या वाराला, या वेळेला आहेत काय, हे निघण्यापूर्वी दूरध्वनी करून विचारणे शहाणपणाचे. त्याच्या पुढे त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय, मालेगावचे सामान्य रुग्णालय, आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, इगतपुरी तालुक्यात धामणगावचे एसएमबीटी. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात अस्थिरोगाचा स्वतंत्र विभाग असतो आणि रात्रीही कोणीतरी शिकाऊ का होईना, पण त्याच विषयाचा डॉक्टर हजर असतो. रात्री दोन वाजता ही गोष्ट मोठ्या नावापेक्षा मोलाची ठरते. जाता जाता सांगतो, शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा विकारांसाठी उभारलेले आहे. केवळ 'संदर्भ' हे नाव ऐकून मोडलेला पाय तिकडे नेऊ नये.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे. ती येईपर्यंत मोडलेला भाग आहे त्या स्थितीत घडी केलेल्या वर्तमानपत्राने किंवा फळीने अलगद आधारून ठेवावा. हाड ओढून सरळ करू नये. पाठीला मार असेल तर माणसाला मुटकुळे करून उचलू नये. फळीवर किंवा दारावर सपाट घ्यावे. रुग्णाला चहा-पाणी देऊ नये, कारण भूल द्यावयाची असल्यास पोट रिकामे लागते. हे सर्वांत कठीण, कारण पाणी पाजणे हा आपला धर्म आहे. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. रस्त्यावरील जखमीस नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील, ही भीतीही आता बाळगू नये. मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. शिवाय ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू झाली आहे.

ज्या दुखण्यात वेळ हाताशी आहे, तेथे डॉक्टर कसा ओळखावा? पाटीवरील अक्षरांपासून आरंभ करू. एम.एस. (ऑर्थो) किंवा डी.एन.बी. (ऑर्थो) या पदव्या एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांच्या अभ्यासाने मिळतात, डी. ऑर्थो. ही पदविका दोन वर्षांची. जुन्या पिढीतील कितीतरी उत्तम हात पदविकेचेच आहेत, तेव्हा तेवढ्यावरून कमी लेखू नये. राज्यातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या, आणि ते विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. या पदव्यांनंतर जी परदेशी अक्षरांची रांग लागते, तिच्यातील काही महिन्या-दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाची असतात. त्यांत गैर काही नाही. पण ती मुख्य पदवीची जागा घेऊ शकत नाहीत. प्रत्येक ॲलोपॅथिक डॉक्टराची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते, दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेनेच बंधनकारक आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पाहता येते. शाळेतील संगणकावर पाच मिनिटांचे काम आहे. गुरुजींनी गावासाठी तेवढे करावे.

पदवी खरी ठरली, म्हणजे निवड संपली असे मात्र नव्हे. अस्थिशल्यशास्त्राच्या आता अनेक शाखा झाल्या आहेत. मोडलेली मांडी कोणताही अनुभवी अस्थिशल्यचिकित्सक जोडील. पण मणक्याची शस्त्रक्रिया, लहान मुलांचे व्यंग, हाताच्या शिरा-स्नायूंचे काम, सांधे बदलणे, यांसाठी तेच काम नित्य करणारा हात शोधावा. हाडावर न दुखणारी, वाढत जाणारी गाठ असेल तर जवळच्या कोणी ती 'काढून टाकू' म्हटले तरी थांबावे. जो शेवटची शस्त्रक्रिया करणार, त्याच्याच सल्ल्याने तपासणीचा तुकडा घेतला जावा, असा कर्करोगतज्ज्ञांचा दंडक आहे. चुकीच्या जागी छेद घेतल्याने वाचणारा पायही गमवावा लागू शकतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय अशांसाठी आहे. आणि पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप व वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय आठवावा. त्याची औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात आणि पुष्कळांना शस्त्रक्रिया लागतच नाही.

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, अशी आपली समजूत आहे. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? आपण स्वतः करणार की बाहेरचे कोणी येऊन करून जाणार, आणि मग रात्री काही झाले तर कोण पाहणार? अशा शस्त्रक्रिया येथे महिन्याला किती होतात? चालावयास किती दिवसांनी लागेन, व्यायाम कोण शिकवील? हे चार-पाच प्रश्न हात जोडून विचारता येतात. चांगला डॉक्टर त्यांनी चिडत नाही. मी तर म्हणेन, त्याची हीच एक परीक्षा सामान्य माणसाच्या आवाक्यातली आहे. संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी रुग्णाला समजावून सांगितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले. दुसरे मत घ्यावयाचे झाल्यास कागदपत्रे मागावीत. मागणीनंतर ७२ तासांत ती देण्याची तरतूद आचारसंहितेत आहे. गुडघा बदलण्याच्या बाबतीत तर दुसरे मत घ्यावेच. नुसत्या चित्रावरून गुडघा बदलावयाचा नसतो. चालणे, झोप आणि नित्याची कामे वेदनेने अडली काय आणि व्यायाम, औषधे, वजन घटविणे हे उपाय थकले काय, यावरून तो निर्णय होतो. शिबिरात त्याच दिवशी आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून सावध राहावे. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली देणे-घेणे हेही आचारसंहितेला निषिद्ध आहे. ते बंद झाले आहे, असे मी म्हणणार नाही.

पैशाची बाजू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिभंगाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली. येथे एक मेख आहे. रुग्णालय योजनेत असले, तरी ते अस्थिरोगासाठी मान्य असेलच असे नाही. 'योजना आहे का?' एवढे विचारून भागत नाही. 'हाडाच्या या शस्त्रक्रियेसाठी आहे का?' असे आरोग्यमित्राला विचारावे, आणि शस्त्रक्रियेपूर्वी विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असा नियम राज्याने जानेवारी २०२१ मध्ये केला. पाटी दिसली नाही तर ती कोठे आहे, असे विचारण्याचा पंचायत सदस्याला अधिकार आहे.

रॉड, प्लेट, कृत्रिम सांधा यांची किंमत शस्त्रक्रियेच्या खर्चातून वेगळी लिहून मागावी. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर केंद्राने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कमाल मर्यादा घातली. तेव्हा बहुतेकांना बसणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये व कर अशी ती होती. पुढे तिच्यात फेरबदल झाले, पण मर्यादा असते, हे लक्षात ठेवावे. शिवाय बसविलेल्या भागाच्या वेष्टनावरील चिकटपट्टी, जिच्यावर कंपनी आणि क्रमांक असतो, ती रुग्णालय सोडतानाच्या कागदावर लावून घ्यावी. ऑगस्ट २०१० मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने सदोष ठरलेले कृत्रिम खुबे जगभरातून परत मागविले. ते भारतातही बसविलेले होते. आपल्या शरीरात कोणता खुबा आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना भरपाई मागणेही अवघड झाले. बी-बियाण्याच्या पिशवीवरील लेबल आपण जपून ठेवतो. ही पट्टी त्याहून मोलाची आहे.

शेवटी लहान मुलांविषयी थोडे, कारण या शास्त्राचे नावच त्यांच्यावरून पडले आहे. 'सरळ' आणि 'मूल' या दोन ग्रीक शब्दांतून फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ साली 'ऑर्थोपेडी' हा शब्द बनविला आणि वाकडे रोप खुंटाला बांधून सरळ करण्याचे चित्र आपल्या ग्रंथात दिले. द्राक्षाचा वेल तारेवर चढविणाऱ्या नाशिककरांना ते चित्र समजावून सांगावयास नको. जन्मतः आत वळलेले पाऊल घेऊन काही मुले येतात. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे म्हणून आजही घरात सुनेला बोल लावला जातो. त्यात तिचा काडीचा दोष नसतो. अमेरिकेतील आयोवाचे डॉ. पोन्सेटी यांची पद्धत आता जगभर मान्य आहे. पहिल्या काही आठवड्यांतच आरंभ करून दर आठवड्याला प्लास्टर बदलत जावयाचे, साधारण पाच-सात वेळा. मग बहुधा टाचेमागील शिरेवर एक लहानसा छेद. आणि नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री विशिष्ट बूट. मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. अपयश येते ते बूट मध्येच सोडल्याने. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. असे पाऊल त्यांच्या यादीत आहे आणि उपचार विनामूल्य आहेत. पण पथक येईपर्यंत सहा महिने गेले तर सोपे काम अवघड होते. आशाताईंनी जन्माच्या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळवावी, आणि बाप मजुरीला गेला असेल तर दर आठवड्याच्या फेरीचे भाडे कोण देणार, हे ग्रामसभेत ठरवावे. माझ्या माहितीत एक बालक केवळ एसटीच्या भाड्यापायी चौथ्या प्लास्टरनंतर यावयाचे थांबले.

मी आपणांस एक कोरा कागद वाटला आहे. त्यावर आपल्या गावापासून क्ष-किरण यंत्र किती अंतरावर, रात्री ते कोण चालवितो, अस्थिरोगतज्ज्ञ कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी असतात, योजनेखाली हाडाच्या शस्त्रक्रिया करणारे जवळचे रुग्णालय कोणते, आणि गावात सपाट फळी कोणाच्या घरी आहे, एवढे लिहावयाचे आहे. गावी जाऊन, दूरध्वनी करून, खात्री करून लिहावे आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे. दर सहा महिन्यांनी तारीख घालून बदलावे, कारण तज्ज्ञांच्या बदल्या होतात. माझ्याकडे अजून वीस मिनिटे आहेत. सुरगाण्याहून आलेल्या ताईंनी मघापासून वहीत काही लिहून ठेवले आहे. त्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करू.